फाट्यावरची चाळीसची पाटी

झरीच्या फाट्याजवळ रस्त्याच्या कडेला वेगमर्यादेची एक पाटी होती. पांढरी, गोल, लाल कडेची, मधे काळा 40. यंदाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली तिला घासली आणि पाटी खांबासकट आडवी झाली. आज ती बाभळीखाली पडली आहे. एका अंगाला गंज धरलाय, चारच्या आकड्यावर दगड लागून पोचा पडलाय. ती पडल्यापासून गावात कुणी तिच्याविषयी चकार शब्द काढला नाही, हे मला फार लागलं. कारण याच रस्त्यासाठी आम्ही उभी हयात भांडलो.

आमच्या या परभणी–जिंतूर रस्त्याच्या आधीच्या वर्षांत सांगण्याजोगं फार नाही. मुरूम, मग खडी, मग डांबर आणि दर निवडणुकीच्या तोंडावर एक ठिगळ. नव्वदीनंतर काळी-पिवळी आली, टपावर माणसं बसली. परभणी वीसेक किलोमीटर, तरी मोंढ्यात पोचायला तास जायचा.

माझ्या डोक्यात घर करून बसलंय ते 2014 नंतरचं दशक. त्या वर्षी 3 जूनला सकाळी गोपीनाथ मुंडे दिल्लीत मोटारीच्या धडकेत गेले. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. त्यांची परळी आमच्या शेजारची. गावात त्या दिवशी कितीतरी घरी चूल पेटली नाही. पुढं महिनाभर फाट्यावरच्या हॉटेलात एकच विषय: घातपात. सीबीआयच्या तपासात तसं काही निघालं नाही. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता, चौकात दुसरी गाडी येऊन आदळली. ‘चौकात गाड्या सावकाश असत्या तर साहेब वाचले असते,’ असं मी एकदाच म्हणालो, तर चारचौघांनी मला वेड्यात काढलं. एवढा मोठा माणूस इतक्या साध्या गोष्टीनं जाईल, हे कुणाला पटवून घ्यायचंच नव्हतं. ती संधी आपण घालवली, असं मला आजही वाटतं. मराठवाड्यात त्या दिवशी जेवढी माणसं रडली, तेवढ्यांनी नुसता पट्टा आणि वेग मनावर घेतला असता, तर कितीतरी घरं उभी राहिली असती.

मग सिमेंटसाठी आमचा रस्ता उकरला. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. अपघात झाला की खड्ड्यांना शिव्या. मीही रास्ता रोकोत बसलो होतो, निवेदनही माझ्याच अक्षरातलं होतं. साइडपट्ट्या मागितल्या, नाल्या मागितल्या, रुंदी मागितली. वेगाबद्दल त्यात एक ओळ नव्हती. आम्हाला तेव्हा कळलं नाही की गाड्या आवरायचं काम इतकी वर्षं ते खड्डेच करत होते.

सिमेंटचा रस्ता झाला आणि गावाची रीत बदलली. पूर्वी पोरं तिघंतिघं जोडीनं सायकली हाणत शाळेला जायची. पहाटे कापसाच्या बैलगाड्या निघायच्या, आसाखाली कंदील हलत असायचा. आता सायकली भिंतीला टेकलेल्या आहेत आणि चाऱ्याचा भारा डोक्यावर घेतलेली म्हातारी रस्ता ओलांडायला दहा-दहा मिनिटं ताटकळते.

त्यात 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला. आमची पोरं जालन्याला त्यावर चढतात. तिथं मोटारीला 120 ची मुभा आहे, कारण त्या रस्त्याला कुंपण आहे; आडवा रस्ता नाही, शाळा नाही, पानटपरी नाही. तासभर त्या वेगात राहिलेल्या माणसाला खाली उतरल्यावर 80 म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. तोच पाय झरीत येतो.

‘हात पक्का असला की वेगाचं काही नसतं,’ असं ऐकवणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. ताशी 60 ची गाडी सेकंदाला 17 मीटर जाते. पोर आडवं आलेलं दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा. पुढं कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण 20 मीटर. झाले 37. ताशी 90 ची गाडी त्या एका सेकंदातच 25 मीटर जाते आणि पुढं थांबायला तिला 45 लागतात, कारण वेग दीडपट झाला की ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं. म्हणजे पहिली गाडी जिथं थांबली, तिथं दुसरी अजून पंचाहत्तरच्या वर वेगात असते. तिथंच ते पोर उभं असेल, तर हात किती पक्का आहे याला काय अर्थ उरतो?

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. केंद्र सरकारच्या अहवालात त्यांतल्या शंभरातल्या 71 मृत्यूंपुढं अतिवेग हे कारण लिहिलेलं आहे. ही माणसं खड्ड्यांनी मारलेली नाहीत.

रस्त्याच्या एखाद्या तुकड्यापुरती वेगमर्यादा कमी करण्याची सोय मोटार वाहन कायद्याच्या 112 व्या कलमात आहे. त्यासाठी नवा कायदा नको, मोर्चा नको. गावानं मागणी लावून धरायला हवी. येत्या 1 मेच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मागणार आहे: पाटी पुन्हा उभी करा, शाळेसमोर मर्यादा 30 करा, आणि शाळा भरताना-सुटताना वेग मोजणारा पोलीस तिथं उभा राहू द्या. निवेदन या वेळीही माझ्याच अक्षरातलं आहे. झरीकरांनो, सहीला या.