बुलढाण्याचा दगड आणि बेटांची माळ

कोचीहून लक्षद्वीपला प्रवासी जहाजं जातात. तिथून दक्षिणेकडे मालदीव, चागोस आणि पुढे मॉरिशस, रियुनियन अशी बेटांची रांगच लागते. या सागरी सफरीचा बुलढाण्याशी संबंध काय? तो थेट पायाखालचा आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट आज रियुनियनखाली असलेल्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर येत राहतो अशा जागेवरून, सरकत होता. तेव्हा उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार घडलं, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं विवर या लाव्हारसाच्या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्येच, अशनीच्या आघाताने पडलं. जिल्ह्यातली बरीचशी काळी मातीही याच खडकाची झीज होऊन बनली.

भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, हॉटस्पॉट मात्र जवळपास जागीच राहिला. शिवणयंत्राच्या सुईखालून कापड सरकावं आणि टाके पडत जावेत, तसे समुद्रतळावर एकामागून एक ज्वालामुखी उभे राहिले. लक्षद्वीप-मालदीवचे ज्वालामुखी थंड होऊन खचले आणि त्यांच्यावर प्रवाळ वाढत गेले. कंकणाकृती प्रवाळबेटांची अशीच उपपत्ती डार्विनने 1842 मध्ये मांडली होती.

या रांगेत दक्षिणेकडे जावं तसा तळाचा खडक वयाने लहान होत जातो. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी तर आजही लाव्हा ओकतो आहे.