स्वप्नावर श्वासाचा अंमल

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तस्थैर्याचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत चौतिसाव्या सूत्रात श्वास सोडून रोखण्याचा आणि अडतिसाव्यात स्वप्न व निद्रा यांतील ज्ञानाचे आलंबन घेण्याचा उपाय येतो. इतक्या निकट नांदणाऱ्या या दोहोंचे नाते काय, असा प्रश्न, ज्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगार १९३७ पासून योग शिकवीत राहिले, तेथे कोणास पडल्यास नवल नाही.

स्वप्न न मोडता ‘हे स्वप्न आहे’ असे उमगणे, म्हणजेच सजग स्वप्न, ही भाकडकथा नव्हे याचा यंत्रनोंदीचा दाखला १९७५ मध्ये इंग्लंडातील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी मिळविला. निद्रिस्त माणसाने आधी ठरलेल्या नेत्रखुणा स्वप्नातून केल्या. स्वप्ने पडणाऱ्या निद्रेत हातपाय लुळे पडतात, पण डोळे आणि श्वासपटल यांना त्या मनाईहुकुमातून सूट असते. म्हणूनच सजग स्वप्नात श्वास जलद करणाऱ्याचा किंवा रोखणाऱ्याचा अंथरुणावरील देहही तसेच श्वसन करतो, हे स्टॅनफर्डच्या लाबर्ज व डिमेंट यांना १९८२ मध्ये पडताळून दाखविता आले. स्वप्नात कोसभर धावले तरी पाय जागचे हलत नाहीत. श्वास मात्र दोन्ही मुलखांत एकच.

अय्यंगारांच्या पद्धतीत नवशिक्यास प्राणायामासाठी प्रथम उताणे निजवितात, पाठीखाली घड्या घातलेल्या घोंगड्यांचा आधार देतात, आणि देह सैल असूनही डुलकी लागू न देता श्वासाकडे लक्ष ठेवावयास लावतात. स्वप्नांवर हुकमत मिळविणे हा तिचा हेतू नव्हे, हे नमूद करणे भाग आहे. तथापि निजल्या देहात जागे लक्ष, ही सजग स्वप्नाची पूर्वतयारी तिच्यात आयतीच होते. ती तयारी स्वप्नासाठी वापरावयाची तर, स्वप्ने उत्तररात्री अधिक पडत असल्यामुळे पाचेक तासांच्या झोपेनंतर थोडे जागावे, मग पडल्यापडल्या श्वास न रोखता, न मोजता केवळ पाहत, ‘आता स्वप्न पडेल ते मी ओळखीन’ असा संकल्प करून निद्रेस वाट द्यावी.

आठवड्याभरात फळ देऊ म्हणणाऱ्या जाहिरातदारांची मात्र पंचाईत आहे. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या बेंजामिन बेअर्ड व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दीर्घकाळच्या ध्यानसाधकांना सजग स्वप्ने अधिक पडत असल्याचे आढळले, पण आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गाने नवख्यांत तशी वाढ झाली नाही. शिवाय उत्तररात्री उठण्याने झोपेची खोट येतेच. तेव्हा ज्यांची निद्रा मुळातच तुटक, त्यांनी या फंदात न पडता निवांत झोपावे.