सातबाऱ्याची किल्ली

विद्यार्थ्यांनो, 'सातबारा' हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून हा उतारा तयार होतो. जमिनीवर कोणाचा हक्क आहे, हे सातमध्ये लिहिलेले असते. बारामध्ये पिकांची नोंद असते. हक्क, महसूल, तहसीलदार, दप्तर हे शब्द तर तुम्हांला मराठी शिकण्याआधीपासून ठाऊक आहेत!

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत या उताऱ्याला फार मोल आहे. येथील बहुसंख्य लोक आदिवासी आहेत. पूर्वी या भागात जमीन कसणारा वारली असे आणि कागदावर नाव जमीनदाराचे असे. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी १९४५ साली मोठा लढा दिला. आता महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्यानुसार आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. पण नोंदवहीतील नावच कोणी गुपचूप बदलले, तर कायदा तरी काय करील?

पूर्वी ही नोंदवही तलाठ्याच्या कपाटात असे. आता नोंदी दूरच्या मोठ्या संगणकांत साठवतात आणि इंटरनेटवरून पाहतात. अशा साठवणीला क्लाउड म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग, पण ही यंत्रे असतात जमिनीवरच, एखाद्या पहारा असलेल्या इमारतीत. मात्र तेथील पहारेकरी आपल्या नोंदीचे पुरेसे रक्षण करू शकत नाही, कारण चोराला दारातून यावेच लागत नाही. म्हणून येथे प्रश्न असा असतो : कोणाला वाचता यावे आणि कोणाला लिहिता यावे?

सातबारा कोणालाही वाचता येतो. लिहिण्याचा अधिकार मात्र थोड्यांनाच आहे, आणि तोही वाटून दिलेला आहे. समजा, वडिलांच्या पश्चात मुलीचे नाव लावायचे आहे. तलाठी (यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफाराची नोंद घेतो. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी ती नोंद तपासून मंजूर करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. जो नोंद घेतो, त्यालाच ती मंजूर करता येत नाही. मला ही व्यवस्था कोणत्याही कुलपापेक्षा पक्की वाटते.

या अधिकाऱ्यांची सही संगणकावर होते. तिची गुप्त किल्ली बोटाएवढ्या एका उपकरणात असते. ते संगणकाला जोडून पिन टाकला की सही उमटते. नंतर त्या मजकुरातील एक अक्षर जरी बदलले, तरी सही जुळत नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात असा डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पण अधिकाऱ्याने घाईगर्दीत ते उपकरण आणि पिन दुसऱ्याच्या हाती दिले तर? काम दुसरा करील आणि सही अधिकाऱ्याची उमटेल. संगणक किल्ली ओळखतो, ती कोणाच्या हातात आहे हे त्याला कळत नाही.

तुमच्या घरीही अशी एक किल्ली येते. आजीच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो वाचून दाखवायला ती तुम्हांलाच हाक मारते. तो आकडा कशासाठी आला, हे आधी पाहा. आजीने स्वतः काही काम काढले नसेल, तर तो कोणालाही सांगू नका. मागणारा ओळखीचा असला तरीही!

आणखी एक काम तुम्हांला करता येईल. महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' नावाचा भाग आहे. तेथे जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की गावातील फेरफारांच्या नोटिसा दिसतात. आपल्या गट क्रमांकावर अनोळखी फेरफार दिसला, तर पंधरा दिवस संपण्याआधी घरच्यांना सांगा आणि लेखी हरकत द्यायला त्यांच्याबरोबर तलाठी कार्यालयात जा.