गाडी मागून उचलायची, पण किती? आधी टेप, मग पाटे



मागच्या व्हिडिओत आपण धंद्यासाठी सेकंडहॅंड गाडी कशी निवडायची ते बघितलं. गाडी दारात आली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, निदान आपल्या धाराशिव जिल्ह्यात तरी. "सर, माल भरला की गाडी मागून बसते. वस्तीच्या रस्त्याला घासते. मागून उचलून घेऊ का? आणि किती उचलू?"

व्हिडिओत एवढं खोलात जाता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. थोडक्यात सांगायचं तर बहुतेकांना एक ते दीड इंचाच्या वर गरजच नसते, आणि बऱ्याच जणांना तर तेवढीही नसते. पण हे माझ्या सांगण्यावरून ठरवू नका. मोजून ठरवा. मी मोजलं नव्हतं, त्याची गोष्ट आधी ऐका.

माझी तीन इंचाची चूक

तेव्हा माझा पशुखाद्याचा धंदा होता. सोलापूरहून पेंड आणायची, कळंबच्या बाजूला वस्त्यांवर पोहोचवायची, आणि सीझनला परतीच्या फेरीत सोयाबीन घेऊन जायचं. गाडी जुनी, डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप. पन्नास किलोची पंधरा पोती टाकली, म्हणजे साडेसातशे किलो झाले, की गाडी मागून अशी बसायची की ओढ्यातून वर चढताना मागचा बंपर मातीत रुतायचा. आपली काळी माती पावसाळ्यात काय करते ते तुम्हाला सांगायला नको.

पाटेवाल्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "मालक, तीन इंच उचलून देतो. परत माझ्याकडं यायचं काम नाही." मी खूश. लांब शॅकल टाकले, दोन पाटे वाढवले. गाडी काय रुबाबदार दिसायला लागली! गावात चार जणांनी विचारलं, कुठं केलं म्हणून.

आठ दिवसांनी सोयाबीन भरून तुळजापूरचा घाट उतरत होतो. पुढं एक ट्रक हळू चालला होता. ब्रेक दाबला, पण गाडी नेहमीसारखी धरेना. पेडल पूर्ण खाली, आणि ट्रकचं मागचं फळकूट जवळ येतंय. गिअर खाली टाकला, हॅंडब्रेक ओढला, आणि हातभर अंतर राहून गाडी थांबली. शेजारी हमालीला येणारा पोरगा बसला होता. तो सोलापूर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी कारण कळलं. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलवरून एक बारीक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. माल भरला आणि बॉडी खाली आली की व्हॉल्व्हला कळतं, वजन आहे, मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त द्या. मी गाडी तीन इंच वर उचलून ठेवली होती. व्हॉल्व्हच्या हिशोबानं गाडी जवळजवळ रिकामीच होती! भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचे ब्रेक मिळत होते. दांडी कुणीच सेट केली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं.

उचलल्यानं नक्की काय मिळतं?

हे आधी समजून घ्या, कारण इथंच पैसा चुकीच्या जागी जातो.

पाटे किंवा स्प्रिंग बदलून बॉडी वर जाते, ॲक्सल जिथल्या तिथंच राहतो. ॲक्सलच्या मधोमध जो डिफरन्शियलचा गोळा आहे, तो जमिनीपासून तेवढाच उंच असतो. चाकोरीत तुमचा गोळा घासत असेल, तर पाटे वाढवून उपयोग शून्य. तिथं टायरचाच विचार करावा लागतो.

फायदा होतो तो मागच्या टोकाला. बंपर ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळं ॲक्सलपाशी ४० मिमी उचललं की बंपर त्याहून थोडा जास्तच वर येतो. पण दोन्ही चाकांच्या मधे, गाडीच्या पोटाखाली, फक्त निम्मा म्हणजे २० मिमी फरक पडतो. म्हणून पहिला प्रश्न हा: घासतंय कुठं? गाडीखाली झोपून ओरखडे बघा. ओरखडे खोटं बोलत नाहीत.

मोजायची पद्धत

टेप लागतो, आणि सपाट फरशी किंवा पेट्रोल पंपासमोरची जागा.

१. मागच्या चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा कमी-जास्त असली की आकडा चुकतो.

२. डावी-उजवी दोन्ही बाजू मोजा, गाडी रिकामी असताना.

३. रोजचा माल भरून परत मोजा. वर्षातून एकदा भरता तो जास्तीचा माल नको, रोजचा.

४. त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी शोधा आणि तीही रिकामी मोजा.

आता समजा, तुमची रिकामी गाडी त्या नव्या गाडीपेक्षा ३० मिमी खाली आहे. याचा अर्थ तुम्हाला लिफ्ट नकोय, तुमचे पाटे बसलेत. मूळ उंचीला आणलं की निम्म्या लोकांचं काम तिथंच भागतं. त्यानंतरही माल भरून बंपर घासत असेल, तरच वरच्या इंचाचा विचार.

पर्याय कोणते?

*जुन्या पाट्यांना कमान मारणे.* सगळ्यात स्वस्त. पण थकलेलं पोलाद परत बसतं. एखादा सीझन काढायचा असेल तर ठीक.

*एक पाटा वाढवणे.* साधारण इंच ते दीड इंच मिळतो, आणि माल भरल्यावर गाडी कमी बसते. किंमत अशी की रिकामी गाडी आदळते. तुम्ही पेंड, सिमेंट, खव्याचे डबे नेत असाल तर चालून जातं. अंडी, टोमॅटो किंवा शेळ्या नेत असाल तर दहा वेळा विचार करा. बाजारात उस्मानाबादी शेळी उभी राहते तेव्हा गिऱ्हाईक शेळी बघतं, तुमची गाडी नाही.

*लांब शॅकल.* शॅकल दोन इंच लांब केला की गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. वळणावर मागून डोलते, आणि ॲक्सलचा कोन फिरल्यानं शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. मी हेच केलं होतं. कुणाला सांगणार नाही.

*ठोकळा.* पाटा ॲक्सलच्या वर बसत असेल तर मधे ठोकळा टाकतात. जेवढा ठोकळा, तेवढी उंची. पण गाडी बसायची ती बसतेच, आणि जोर लावला की पाटा पिळतो. टाकलाच तर छोटा, लोखंडी आणि एकच. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नाही.

*पाट्यांचा नवा सेट.* सगळ्यात महाग आणि सगळ्यात बिनघोर. रोज माल भरणाऱ्यानं आधी याचाच भाव विचारावा.

एक लक्षात ठेवा, सगळ्या गाड्या पाट्यांच्या नाहीत. २०१० ते २०२० मधली जुनी थार मागून पाट्यांची आहे, पण ऑक्टोबर २०२० ला आलेली नवी थार मागून कॉइल स्प्रिंगची. तिथं स्पेसर किंवा वेगळी कॉइल हा विषय येतो. शेजाऱ्याच्या जुन्या थारचा सल्ला नव्या थारला लावू नका.

दीड इंचावरच का थांबायचं?

मागून उचललं की गाडी पुढं झुकते. बोलेरोचा व्हीलबेस २६८० मिमी आहे. मागून ४० मिमी उचललं तर गाडी एक अंशापेक्षा कमी झुकते. ७५ मिमी उचललं तर दीड अंशाच्या वर. तेवढ्यानं स्टिअरिंग हलकं लागतं, हायवेला गाडी सरळ धरत नाही, रिकाम्या गाडीचा लाइट अगदी जवळ पडतो. शॉकअप अपुरा पडतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो. मग एकेक सामान बदलत बसा.

आणि पाटे वाढवले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही! आरसीवर जे वजन आहे तेच खरं. ॲक्सल, ब्रेक, टायर जुनेच आहेत.

कागदाची बाजू

बसलेले पाटे मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती. त्यापुढं उचलणं हा बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मूळ उंचीच्या वर जायचं असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. गाडीवर कर्ज असताना अपघात झाला आणि क्लेम अडकला, तर हप्ता थांबत नाही.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा एका फेरीत हातात ८०० रुपये राहतात. पावसाळ्यात गाडी घासते म्हणून महिन्याला ४ फेऱ्या बुडतात. चार महिन्यांचे १२,८०० गेले. काम १०,००० ला होत असेल तर एका पावसाळ्यात वसूल, करून टाका. पण महिन्याला एकच फेरी बुडत असेल तर नुकसान ३,२०० चं. वसुलीला तीन पावसाळ्यांच्या वर जातील. त्यापेक्षा त्या दिवशी दोन पोती कमी भरा, किंवा माल डांबरी रस्त्यापर्यंतच द्या.

काम झाल्यावर, गॅरेज सोडायच्या आधी

यू-बोल्ट नवे टाकलेत का? चाकं लोंबकळत ठेवून ब्रेकचा पाइप ताणत नाही ना? ब्रेक व्हॉल्व्हची दांडी सेट केली का? हेडलाइट जुळवला का? थोडे दिवस चालवून यू-बोल्ट परत आवळायची तारीख वहीत लिहा. आणि पहिली ट्रायल रिकामी नको. रोजचा माल भरून, सपाट मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा ब्रेक मारून बघा. घाट त्यानंतर.

मी नंतर शॅकल काढले, एकच पाटा ठेवला, दांडी सेट करून घेतली. गाडी सव्वा इंच वर राहिली. कुणीही "कुठं केलं" म्हणून विचारलं नाही. पण ओढ्याला बंपर लागायचा थांबला, आणि तो पोरगा परत माझ्या शेजारी बसायला लागला.

आजचा गृहपाठ: टेप घ्या, चार मापं घ्या, वहीत लिहा. रिकामी डावी, रिकामी उजवी, भरलेली डावी, भरलेली उजवी. मिस्त्रीकडं जाताना वही सोबत न्या. त्यांनी "किती उचलू?" विचारलं की आकडा तुम्ही सांगा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.