ढाबळींतलीं पिलें आणि त्यांचे शेजारी

शांतीचें चिन्ह म्हणून कबुतराची जगभर ख्याति आहे. ज्या श्रोत्यांच्या घरीं ढाबळ आहे, त्यांना मात्र ह्या ख्यातीबद्दल थोडा संशय असेलच. एखाद्या सकाळीं ढाबळीचें दार उघडावें, तों महिन्याभराचें पिलूं कोपऱ्यांत तोंड खुपसून बसलेलें दिसतें. डोक्यावरचीं पिसें गेलेलीं, मानेवरचें कातडें सोललेलें. मांजर आलें असावें, घूस आली असावी, अशी पहिली शंका येते; पण पुष्कळदां अपराधी शेजारच्या खणांत घुमत बसलेला नरच असतो.

ह्या क्रौर्याचें मूळ जागेच्या मालकींत आहे. जोडीनें एकदां खण निवडला, कीं तेवढें चौकोनी जग तिचें. मादी दोन अंडीं घालते. १७-१८ दिवसांनीं पिलें बाहेर येतात. आरंभीं आईबाप दोघेंही गळ्यांतल्या पिशवींत तयार होणारें दह्यासारखें दूध त्यांना भरवितात, पुढें पिशवींत भिजलेले दाणे. पिलें दोन-तीन आठवड्यांचीं होतात न होतात, तों मादी पुन्हां अंडीं घालावयास लागते आणि थोरल्या पिलांचा भार बहुतांशीं बापावर पडतो. अशा वेळीं भुकेलें पिलूं खणाबाहेर पडतें आणि दिसेल त्या मोठ्या पक्ष्यापुढें पंख फडफडवून चोंच वासतें. आपला कोण, परका कोण, हें त्याला कळत नाहीं. शेजाऱ्याला तें उत्तम कळतें.

ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ ह्यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत अशीच एक हकीकत सांगितली आहे. दोन निराळ्या जातींचे होले, एक नर व एक मादी, जोडी जमेल ह्या आशेनें त्यांनीं एका मोठ्या पिंजऱ्यांत ठेविले व ते व्हिएन्नास गेले. परत येऊन पाहतात तों नर खालीं पडलेला. त्याचें डोकें, मान व पाठ सोलून निघालेली, आणि मादी त्याच्या अंगावर उभी राहून अजून टोंचीतच होती. लोरेन्झ ह्यांचें म्हणणें असें, कीं मोकळ्या रानांत हरणारा पक्षी उडून जातो, म्हणून जिंकणाऱ्याला थांबण्याची संवय लागलेलीच नसते. पिंजऱ्यांत पळावयास वाट नाहीं. म्हणून भांडणाला शेवट नाहीं.

ढाबळीचा बंदोबस्तही ह्याच दृष्टीनें करावयास हवा. मारक्या नराला हांकलून देणें हा लोकांचा आवडता उपाय. पण तो बहुधा आपल्या पिलांचा दक्ष बाप असतो, आणि तो गेला कीं त्याच्या खणासाठीं नवें भांडण जुंपतें. जोडी नसलेले नर मात्र वेगळे काढावेत. दुसऱ्यांच्या खणांत शिरून दंगा करण्याखेरीज त्यांना उद्योग नसतो. जोड्यांपेक्षां खण थोडे अधिक असावेत, आणि प्रत्येक खणांत दोन घरट्यांपुरती जागा असावी. खणाच्या तोंडाशीं आडवी पट्टी ठोकली, तर लहान पिलें अवेळीं खालीं पडत नाहींत.

तरीही एखादें पडतेंच. त्याच्यासाठीं जमिनीवर आसरा हवा. एक रुंद फळी भिंतीला तिरकी टेकवून ठेवावी; एवढ्यानेंही काम भागतें. फळीमागें दबून बसलेल्या पिलाचें डोकें व पाठ चोंचीपासून बचावते. पैशांचा खर्च नाहीं म्हणूनच कीं काय, हा उपाय फारसा कोणी करीत नाहीं.

जखमी पिलाची जखम कोमट मिठाच्या पाण्यानें धुवून त्याला उबदार जागीं एकटें ठेवावें. कातडें फार खोलवर गेलें असेल, तर तेथें पुन्हां पिसें येतीलच असें नाहीं.

साधारण चार आठवड्यांचीं झालेलीं, स्वतः दाणे टिपणारीं पिलें मोठ्यांतून काढून निराळ्या खोलींत एकत्र ठेवावींत. तेथें पहिल्या दिवशीं कांहीं पिलें पाणी शेजारीं असूनही तहानेलीं राहतात. त्यांची चोंच एकदां अलगद पाण्यांत बुडवावी. एक पिऊं लागलें, कीं बाकीचीं पाहून शिकतात.