न्यूट्रॉनांची मोजदाद

चेंबूर ओलांडून मानखुर्दच्या बाजूस गेलें म्हणजे ट्रॉम्बेची टेकडी दिसूं लागते. तिच्या पायथ्याशीं ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पाण्याच्या हौदांत बुडविलेली ही भट्टी २००९ सालीं थांबली आणि २०१८ सालीं नव्या रूपांत पुन्हां सुरू झाली. अशी भट्टी किती जोरानें चालली आहे हें कळावें कसें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

भट्टीचा जोर न्यूट्रॉनांच्या संख्येवरून कळतो. पण न्यूट्रॉनावर विद्युत्‌भार नसल्यामुळें तो यंत्रास आपण होऊन ओळख देत नाहीं. म्हणून बोरॉनची साक्ष काढावी लागते. बोरॉनचा अणु न्यूट्रॉनास गिळून फुटतो आणि त्यांतून निघालेले भारित कण कोठींतील वायूंत प्रवाह उत्पन्न करतात. तो मोजला कीं झालें, असें वाटेल.

तसें होत नाहीं. गॅमा किरणहि त्याच वायूंत प्रवाह उत्पन्न करतात. भट्टी पूर्ण जोरांत असतां ही भर किरकोळ ठरते. पण भट्टी बंद केल्यावर न्यूट्रॉन ओसरतात आणि इंधनांत सांचलेलीं द्रव्यें मात्र गॅमा किरण फेंकीतच राहतात. पुन्हां भट्टी पेटवितांना न्यूट्रॉनांची वाढ या गोंगाटांत झांकली गेली, तर चालकाला धोका उशिरां कळेल.

यावरील युक्ति मला फार आवडते. शेजारीं शेजारीं दोन सारख्या कोठ्या ठेवतात; एकीस आंतून बोरॉनचा लेप, दुसरी कोरी. पहिली दोहोंची नोंद घेते, दुसरी केवळ गॅमाची. त्यांचे प्रवाह परस्परांविरुद्ध जोडले कीं उरतो तो न्यूट्रॉनांचा. तेल देतांना वाणी आधीं रिकाम्या भांड्याचा धडा करतो, त्यांतलाच हा प्रकार.

मात्र ही युक्ति भट्टीजवळ टिकली पाहिजे. तेथील किरणांनीं रबराचें वेष्टन कडक होऊन तडकतें, म्हणून तारांस चिनी मातीसारखें आवरण लागतें. प्रवाह इतका सूक्ष्म कीं जोडावर ओल बसली तरी कांटा खोटें बोलतो. आणि मुंबईचा पावसाळा आपण जाणतांच.

माणसांचा हिशेब निराळा. त्यांच्या छातीवरील बिल्ल्यांत कॅल्शियम सल्फेटाच्या चकत्या असतात. त्या तापविल्या म्हणजे घेतलेल्या गॅमा किरणांच्या प्रमाणांत उजेड देतात. न्यूट्रॉनांसाठीं प्लास्टिकचा वेगळा तुकडा असतो. वेगवान न्यूट्रॉनानें उडविलेला प्रोटॉन त्यांत अदृश्य ओरखडा सोडतो. तुकडा अल्कलीच्या द्रावणांत ठेवल्यावर तो रुंदावतो, आणि मग सूक्ष्मदर्शकाखालीं असे ओरखडे मोजतात.