पॉइंट पातेल्याचे मोजा, ताटातल्या घासाचे नव्हे!

फैजपूर : गेल्या वर्षी डॉक्टरांनी आमच्या अम्मींना वजन कमी करायला सांगितलं. शुगर आहे, गुडघे दुखतात. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या भाच्याने फोनवर उपाय सुचवला, "नानीला पॉइंटवाला डाएट सुरू करा. काहीही बंद करायचं नाही, फक्त मोजून खायचं." आम्ही उत्साहाने तयार झालो आणि पहिल्याच जुम्याला चुकलो.

त्या दिवशी मटण पुलाव होता. अम्मींच्या ताटातला शिजलेला पुलाव आम्ही काट्यावर तोलला आणि त्याला कच्च्या तांदळाचा आकडा लावला. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 350 कॅलरी असतात. शिजल्यावर तोच तांदूळ पाणी पितो, म्हणून 100 ग्रॅम भातात 130 च्या आसपासच उरतात. हिशेब फुगला, "कोटा संपला" म्हणून आम्ही अम्मींचा अर्धा पुलाव काढून घेतला. त्यांनी शुगरची गोळी नेहमीसारखी घेतली होती. रात्री हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला. लगेच साखरेचं पाणी दिलं, अल्हम्दुलिल्लाह, सावरल्या. पण त्या रात्री कळलं की अर्धवट हिशेब उपाशी ठेवण्यासारखाच आहे.

हा पॉइंट प्रकार आहे काय?

जीन निडेच या गृहिणीने 1963 मध्ये अमेरिकेत 'वेट वॉचर्स' सुरू केलं. 1997 मध्ये तिथे पॉइंट आले. त्या जुन्या पद्धतीचं गणित सोपं आहे : कॅलरी भागिले 50, त्यात चरबीचे ग्रॅम भागिले 12 मिळवा, मग फायबरचे ग्रॅम भागिले 5 वजा करा. फायबर जास्तीत जास्त 4 ग्रॅमच धरायचं. नव्या पद्धतीत साखर, प्रथिनं वगैरेही धरतात, म्हणून आजच्या अ‍ॅपमधला आकडा वेगळा येईल. दोन्ही पद्धती मिसळू नका.

अ‍ॅपमध्ये 'पुलाव' लिहिलं की आकडा येतो, पण तो आपल्या पातेल्याचा नसतो. तुमच्या घरी तेल किती पडतं, हे अ‍ॅपला काय माहीत? म्हणून हिशेब घरीच करावा.

असा करा हिशेब

1. पातेल्यात जाणारी प्रत्येक वस्तू कच्ची असतानाच तोला. मटणाची हाडं वजा धरा. तेल 'अंदाजे' ओतू नका, आधी वाटीत काढून तोला.
2. आकडे पाकिटावर बघा. सुट्या मालासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते आहेत.
3. सगळ्याची बेरीज करा.
4. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच लिहून ठेवा. शिजल्यावर भरलेलं पातेलं तोला, रिकाम्याचं वजन वजा करा आणि जेवढे वाटे, तेवढ्याने भागा.

आमच्या पुलावाचा हिशेब बघा. तांदूळ अर्धा किलो : 1750 कॅलरी. बिनहाडाचं मटण अर्धा किलो : सुमारे 970. तेल 100 ग्रॅम : 900. कांदा 200 ग्रॅम : 100. दही 100 ग्रॅम : 60. एकूण 3780 कॅलरी. चरबी सुमारे 173 ग्रॅम, फायबर 12 ग्रॅम. सहा वाटे केले तर एका वाट्याला 630 कॅलरी, 29 ग्रॅम चरबी, 2 ग्रॅम फायबर. म्हणजे 12.6 अधिक 2.4 वजा 0.4, झाले साधारण साडेचौदा पॉइंट.

आता त्याच पातेल्यात तेल 100 ऐवजी 40 ग्रॅम घाला. वाट्याला 540 कॅलरी आणि 19 ग्रॅम चरबी येते. पॉइंट होतात 12. तांदळाचा एक दाणा किंवा मटणाची एक बोटी कमी न करता अडीच पॉइंट वाचले!

पोळीचंही तसंच. 30 ग्रॅम पिठाची कोरडी पोळी दीड पॉइंटच्या आत बसते. वरून चमचाभर तेल लावलं की जवळपास दुप्पट. आपल्या खानदेशात भरीत असो की शेवभाजी, तेलाचा तवंग दिसल्याशिवाय भाजी झाली असं वाटतच नाही. पण वांगं बिचारं हलकंच असतं, 100 ग्रॅमला 25 कॅलरी. वजन वाढवतं ते तेल आणि शेंगदाणे.

केळीचं काय?

फैजपूर-सावद्याकडे हा प्रश्न येणारच. जुन्या गणिताने मध्यम केळ्याला दीड पॉइंट पडतो, नंतरच्या पद्धतींत फळांना शून्य दिलं गेलं. पण शून्य पॉइंट म्हणजे शून्य साखर नव्हे. शुगर असलेल्यांनी केळी किती खावी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. शिकरणात पडलेलं दूध आणि साखर तर मोजावीच लागते.

एक कळकळीची विनंती. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण अचानक कमी करू नका. रमजानच्या आधी तर नक्कीच विचारा. गरोदर माता आणि वाढत्या मुलांना या हिशेबात ओढू नका.

आमच्या घरात आता अम्मींचं ताट कोणी तोलत नाही. तेलाची वाटी तेवढी तोलतो. दस्तरखानावर सगळ्यांसाठी एकच पुलाव येतो आणि अम्मी आपला वाटा पूर्ण खातात.